क्लिनोक्लेज: तांब्याच्या एका दुर्मिळ आर्सेनेट खनिजाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात दगड-खनिजं मांडून बसलं, की लोक आधी झिओलाइटचे पांढरेशुभ्र स्फटिक बघतात, गारगोट्या हातात घेतात आणि मग हटकून एका लहान, गडद निळ्या नमुन्यापाशी थांबतात. तो क्लिनोक्लेजचा. त्यावर विद्यार्थी, शेतकरी, शिक्षक आणि नव्याने संग्रह करू लागलेली मंडळी जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

क्लिनोक्लेज म्हणजे नेमकं काय?

तांबं, आर्सेनिक, ऑक्सिजन आणि हायड्रोजन या चार मूलद्रव्यांचं खनिज. तांब्याचे तीन अणू, एक आर्सेनेट गट (आर्सेनिक आणि ऑक्सिजनचा) आणि तीन हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी), अशी त्याची रचना. वजनाने बघितलं तर त्यात सुमारे ५० टक्के तांबं आणि जवळपास २० टक्के आर्सेनिक भरतं. स्फटिक एकनताक्ष प्रणालीत मोडतात, म्हणजे त्यांच्या अक्षांमधला एकच कोन तिरपा असतो.

हेच रासायनिक सूत्र असलेलं आणखी एक खनिज आहे, गिल्मराइट. ते फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या रुआ खाणींमधून नोंदलं गेलं आणि ते त्रिनताक्ष (तिन्ही कोन तिरपे) आहे. घटक तेच, प्रमाणही तेच, फक्त अणूंची मांडणी निराळी. म्हणून नुसत्या रासायनिक विश्लेषणावरून ‘हे क्लिनोक्लेजच’ असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

दिसायला कसं असतं? हातात घेतल्यावर कसं ओळखायचं?

रंग गडद निळा, निळसर हिरवा, कधी इतका गडद की काळाच वाटावा. माझ्याकडच्या नमुन्यात फिकट दगडाच्या फटीत ज्वारीच्या दाण्याएवढे गोळे चिकटलेले आहेत. साध्या डोळ्यांना ते काळे ठिपके दिसतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग लावून बाजूने टॉर्चचा उजेड टाकला, की कळतं, प्रत्येक गोळा म्हणजे मध्यातून बाहेर फुटलेल्या पातळ पात्यांचा गुच्छ आहे. पात्यांच्या कडांना उजेड आरपार जातो आणि तिथे मोरपिसाच्या जवळ जाणारा निळा-हिरवा रंग उमटतो. एक गोळा अर्धा फुटलेला आहे. त्याच्या आतल्या पृष्ठावर मोत्यासारखी चमक आहे, बाहेरून मात्र ती काचेसारखी.

ती मोत्यासारखी चमक पाटनामुळे येते. क्लिनोक्लेज एका दिशेने अगदी सफाईदार फुटतं. मोह्सच्या एक ते दहा मापावर कठिनता अडीच ते तीन, म्हणजे नखाने जेमतेम चरा पडेल किंवा पडणारही नाही, पण तांब्याच्या तुकड्याशी बरोबरीचा सामना होईल. विशिष्ट गुरुत्व सुमारे ४.४, त्यामुळे आकाराच्या मानाने जड लागतं. कस, म्हणजे बिनझिलईच्या चिनी मातीच्या फरशीवर घासल्यावर उमटणारी रेघ, निळसर हिरवा. खनिज काळं दिसत असताना कस हिरवा आला, की मुलांचे डोळे चमकतात. दुर्मिळ नमुन्यावर मात्र ही चाचणी करू नका. खाली गळून पडलेला कण असेल तर त्यावर करा.

हे अझुराइट कशावरून नाही?

हा गोंधळ सगळ्यात जास्त होतो, कारण अझुराइटही तांब्याचंच, निळं आणि तशाच जागी सापडणारं. पण अझुराइट कार्बोनेट आहे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडला की त्यावर बुडबुडे येतात, क्लिनोक्लेजवर येत नाहीत. अझुराइट थोडं जास्त कठीण (साडेतीन ते चार) आणि हलकं (सुमारे ३.८), आणि त्याचा कस फिकट निळा असतो, हिरव्याकडे झुकत नाही.

लिनाराइट हे शिसं-तांब्याचं सल्फेटही असंच निळं दिसतं, पण ते आणखी जड. कॉर्नेटाइटही निळं, पण त्यात आर्सेनिकच्या जागी फॉस्फरस असतो. शेवटचा निकाल एक्स-रे डिफ्रॅक्शननेच, म्हणजे क्ष-किरणांनी अणूंची मांडणी तपासूनच लागतो. डोळ्याचा अंदाज कितीही मुरलेला असला तरी लेबलवर ‘दिसण्यावरून’ आणि ‘तपासून’ हे वेगळं लिहायची सवय असावी, असं माझं ठाम मत आहे.

हा मोरचूदच नाही का?

नान्नज, पंढरपूर भागातले द्राक्ष बागायतदार हा प्रश्न हमखास विचारतात, आणि तो अगदी रास्त आहे. बुरशीविरुद्ध फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी चुन्याबरोबर जो मोरचूद भिजवतात, त्याचा निळा रंगही तांब्याच्या आयनमुळेच येतो. पण मोरचूद सल्फेट आहे, त्यात पाण्याचे रेणू आहेत आणि तो पाण्यात झटकन विरघळतो. क्लिनोक्लेज साध्या पाण्यात विरघळल्यासारखं दिसतही नाही. मोरचूद हलका, स्वच्छ निळा आणि बऱ्यापैकी पारदर्शक. क्लिनोक्लेज जड आणि काळपट.

घरातल्या तांब्याच्या हंड्यावर हिरवा थर चढतो, त्यात आर्सेनिक असतं का?

नाही. हवेतला ओलावा, कार्बन डायऑक्साइड आणि भांड्यात ठेवलेले आंबट पदार्थ यांच्याशी तांब्याचा संयोग होऊन तो थर येतो. तोही पोटात जाऊ नये, म्हणूनच आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावायची पद्धत पडली. पण त्याचा आणि आर्सेनिकचा काही संबंध नाही.

हे खनिज जमिनीत तयार कसं होतं?

सुरुवात खोलवर होते. ग्रॅनाइटसारख्या खडकाभोवती किंवा ज्वालामुखीच्या मुळाशी गरम, खारट पाणी भेगांतून फिरतं आणि जाता जाता तिथे सल्फाइडं, म्हणजे धातू आणि गंधकाची खनिजं, साचवतं. त्यांत तांबं आणि आर्सेनिक दोन्ही असली तर पाया तयार झाला. एनार्जाइट आणि टेनान्टाइट या खनिजांत ही दोन्ही एकत्रच असतात. दुसरी वाट म्हणजे चाल्कोपायराइट तांबं देतं आणि शेजारचं आर्सेनोपायराइट आर्सेनिक देतं.

मग कोट्यवधी वर्षं जातात. वरचा खडक झिजतो आणि या शिरा भूजलाच्या पातळीच्या वर येतात. पावसाचं पाणी ऑक्सिजन घेऊन आत शिरतं. सल्फाइडं सडू लागतात. सुरुवातीला पाणी फार आम्लधर्मी होतं, त्यात तांबं सहज विरघळतं आणि आर्सेनिकचं आर्सेनेट होतं. लोखंड मात्र लवकर गंजून तिथेच बसतं. खाणीच्या डोक्यावर तांबूस-तपकिरी टोपी दिसते ती त्याचीच.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. आपल्याकडे माती परीक्षण केलेल्या प्रत्येकाला सामू (पीएच, आम्लता सांगणारा आकडा; कमी म्हणजे आम्लधर्मी) म्हणजे काय ते ठाऊक असतं. तांबं आणि आर्सेनेट विरघळलेलं ते पाणी खडकातून झिरपताना त्याचा सामू हळूहळू वाढतो, आणि तो किती वाढला व तांब्याच्या मानाने आर्सेनेट किती उरलं यावर कोणतं खनिज बसणार हे ठरतं. आर्सेनेट भरपूर आणि पाणी आम्लाकडे झुकलेलं असेल तर ऑलिव्हेनाइट बसतं, त्यात एका आर्सेनिकमागे तांब्याचे दोन अणू. जरा पुढे कॉर्नवालाइट किंवा त्याचं भावंड कॉर्नुबाइट, तिथे प्रमाण अडीचास एक. तांबं आणखी वरचढ झालं, सामूही वाढला, की क्लिनोक्लेज, तीनास एक. आणि पाण्यात कार्बोनेट जास्त असेल तर हा सगळा खेळ मोडतो, तांबं मॅलाकाइट या हिरव्या कार्बोनेटच्या रूपात बसून जातं.

म्हणून एकाच हातभर दगडात ऑलिव्हेनाइटचे शेवाळी हिरवे स्फटिक आणि त्यांच्यावर नंतर चढलेलं निळं क्लिनोक्लेज असं दिसलं, तर त्या फटीतल्या पाण्याचं रसायन काळाच्या ओघात कसं बदललं ते तुम्ही वाचू शकता. कोण आधी बसलं, कोण कुणाच्या अंगावर चढलं, हे भिंगाखाली नीट बघा. नमुन्याचं खरं मोल तिथे आहे, रंगात नाही.

मग ते दुर्मिळ का?

कारण वरच्या सगळ्या गोष्टी एकाच ठिकाणी जुळाव्या लागतात. तांब्याच्या खाणी जगात पुष्कळ आहेत, पण त्या सगळ्यांत आर्सेनिक भरपूर नसतं. जिथे आहे, तिथे सडलेल्या लोखंडाचे गंज आर्सेनेटला घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे तांब्याच्या वाट्याला फार थोडं येतं. शिवाय हा ऑक्सिडीकरणाचा पट्टा वरवरचा असतो. खाणकाम तिथूनच सुरू होतं, आणि छायाचित्रं व नीट नोंदी ठेवण्याचा काळ येण्याआधीच जुन्या खाणींचे वरचे थर उकरून, भट्टीत घालून संपले होते.

सगळ्यात आधी ते कुठे सापडलं?

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये. तिथल्या ग्वेनॅप परिसरातली व्हील गॉरलंड ही खाण तांब्याच्या आर्सेनेट खनिजांसाठी जगप्रसिद्ध आहे. सुमारे २९ ते २७ कोटी वर्षांपूर्वी घुसलेल्या ग्रॅनाइटभोवती कथील, तांबं आणि आर्सेनिक यांच्या शिरा तिथे एकमेकींत गुंतल्या आहेत.

फ्रेंच राज्यक्रांतीमुळे देश सोडून इंग्लंडला आलेल्या काउंट द बूर्नों यांनी १८०१ मध्ये कॉर्नवॉलच्या तांब्याच्या आर्सेनेटांचं स्फटिकांवरून वर्णन केलं. त्याच सुमारास रिचर्ड शेनेव्हिक्स यांनी त्यांचं रासायनिक विश्लेषण केलं. एकाने आकार मोजले, दुसऱ्याने घटक मोजले. आज दोनशेहून जास्त वर्षांनंतरही आपण याच दोन वाटांनी खनिज ठरवतो. क्लिनोक्लेज हे नाव १८३० मध्ये जर्मन खनिजशास्त्रज्ञ ऑगस्ट ब्राइटहाउप्ट यांनी दिलं.

त्या काळातले काही अप्रतिम नमुने वाचले ते फिलिप रॅशली (१७२९–१८११) यांच्यासारख्या संग्राहकांमुळे. त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग ट्रुरो इथल्या रॉयल कॉर्नवॉल म्युझियममध्ये आहे.

आणखी कुठे मिळतं?

अमेरिकेत नेवाडातली माजुबा हिल आणि युटातला टिंटिक जिल्हा ही संग्राहकांच्या तोंडी असलेली ठिकाणं. माजुबा हिलमध्ये ज्वालामुखी खडकाच्या फटींत क्लिनोक्लेजचे निळे गोळे ऑलिव्हेनाइट आणि इतर आर्सेनेटांसोबत येतात. पार्नाउआइट आणि गाउडेयाइट ही दोन तांब्याची खनिजं तर जगात पहिल्यांदा तिथूनच नोंदली गेली. नामिबियातल्या त्सुमेबमध्येही क्लिनोक्लेज मिळालं आहे.

सोलापूर जिल्ह्यात मिळेल का?

नाही, आणि यात नाराज होण्यासारखं काही नाही. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहत आलेला लाव्हा. भुईकोट किल्ल्याचे चिरे, खडी क्रशरवर फुटणारा दगड, विहीर खणताना लागणारा मांजऱ्या आणि मुरूम, सगळा त्याच घराण्यातला. या बेसाल्टमध्ये तांबं असतं, पण दहा लाख भागांत साधारण शंभर-दोनशे भाग इतकंच, आणि तेही खडकभर विखुरलेलं. आर्सेनिक तर त्याहून कितीतरी कमी. गरम पाण्याने दोन्ही एकत्र गोळा करून शिरेत साठवावं, अशी घटना इथे घडलेली नाही. पाया नाही म्हटल्यावर वरची इमारत उभी राहणार कुठून?

याच लाव्ह्याच्या पोकळ्यांत मात्र झिओलाइट, अपोफिलाइट, गारगोट्या असं वैभव भरलेलं आहे आणि त्यासाठी जगभरचे संग्राहक महाराष्ट्राकडे बघतात. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय एकदा तरी पाहा. पुण्याजवळच्या वाघोलीचं निळंशार कॅव्हन्साइट बघून पुष्कळांना ते तांब्याचं वाटतं. तो रंग व्हॅनेडियमचा आहे.

आमच्या विहिरीच्या दगडात हिरवा थर निघाला. ते तांबं नाही का?

बार्शी, माढा, मोहोळ, अक्कलकोट, सगळीकडून असे तुकडे येतात. जवळजवळ प्रत्येक वेळी ते सेलाडोनाइट असतं. बेसाल्टच्या पोकळीच्या भिंतीला आतून लागलेला मळकट निळसर-हिरवा लेप. हाताला मातकट, साबणासारखा गुळगुळीत, नखाने सहज खरवडला जाणारा. आत बहुतेक वेळा पांढरी गारगोटी किंवा झिओलाइट भरलेलं असतं. सेलाडोनाइट अभ्रकाच्या कुळातलं, त्याचा रंग लोखंडामुळे येतो. त्यात तांबं नसतं, आर्सेनिकही नसतं. त्यामुळे त्या विहिरीचं पाणी यामुळे विषारी होईल ही भीती मनातून काढून टाका. आणि तांब्याची खाण सापडली म्हणून कुणी सर्वेक्षणाचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

भारतात इतरत्र शोधायचं तर कुठे?

तांब्याचे मोठे साठे मध्य प्रदेशात मलांजखंड, राजस्थानात खेत्री आणि झारखंडमध्ये सिंहभूम पट्ट्यात आहेत. महाराष्ट्रात पूर्व विदर्भात, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांत तांब्याच्या नोंदी आहेत, कारण तिथे दख्खनच्या लाव्ह्याखालचे जुने खडक उघडे पडतात. आपल्याला रेल्वेने जवळ म्हणजे रायचूर, त्या जिल्ह्यातल्या हट्टीच्या सोन्याच्या खाणीत आर्सेनोपायराइट आहे, पण तिथला मुख्य धातू सोनं. शोधणाऱ्याने लक्षात ठेवायचं ते इतकंच, की तांबं आणि आर्सेनिक दोन्ही असलेली शीर आणि तिचा जमिनीलगतचा सडलेला भाग, हे दोन्ही हवं. चालू खाणीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नका.

ते विषारी आहे ना? मग घरात ठेवायचं कसं?

आर्सेनिक आहे, तेव्हा काळजी हवीच, पण घाबरून फेकून देण्याची गरज नाही. बंद डबीतला नमुना कपाटात बसून कुणाला काही करत नाही. धोका आहे तो पोटात किंवा श्वासात गेल्यास. पाण्यात ते फारसं विरघळत नसलं तरी आम्लात विरघळतं, आणि आपल्या जठरात आम्लच असतं.

म्हणून हात लावल्यावर साबणाने हात धुवा आणि मगच भाकरीला हात लावा. नमुना कापू नका, घासू नका, कुटू नका. तापवू तर कधीच नका, आर्सेनिकची वाफ अत्यंत घातक. लहान मुलांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवू नका. जिभेला लावून ओळखायची जुन्या लोकांची सवय सैंधवापुरती ठीक.

ज्यांना सोमल हा शब्द ठाऊक आहे ते विचारतात, हा सोमलच का? सोमल म्हणजे आर्सेनिकचा ऑक्साइड, वेगळा पदार्थ. हरताळ आणि मनशीळ ही आर्सेनिकची सल्फाइडं, तीही वेगळी. क्लिनोक्लेज औषधात वापरत नाहीत आणि त्याचं ‘भस्म’ करण्याचा प्रयोग कुणी करू नये. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम इतकी कमी ठेवलेली आहे, एवढ्यावरून काय ते समजावं.

तांबं आणि आर्सेनिक यांच्या संयुगांचा कधी उपयोग झाला का?

खनिजाचा नाही, पण कारखान्यात केलेल्या संयुगांचा भरपूर झाला, आणि त्याचा इतिहास सोलापूरसारख्या कापडाच्या गावाने जरूर जाणून घ्यावा. १७७५ मध्ये स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी तांब्याच्या आर्सेनाइटचा हिरवा रंग बनवला. पुढे तो आणि त्याचा अधिक चकचकीत भाऊ पॅरिस ग्रीन युरोपभर भिंतीचे कागद, कृत्रिम फुलं आणि कापडावर वापरला गेला. तो रंग हाताळणाऱ्या कामगारांच्या, विशेषतः फुलं बनवणाऱ्या मुलींच्या अंगावर फोड आले, काही जिवानिशी गेल्या. रंगखात्यात काम करणाऱ्याच्या अंगावर काय येतं, हे इथल्या गिरणगावाला वेगळं सांगायला नको.

दुसरं उदाहरण आपल्याच देशातलं. क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक यांचं मिश्रण लाकडात दाबाने भरलं, की वाळवी आणि बुरशी लागत नाही, हा शोध १९३३ मध्ये सोंटी कामेसम या भारतीय शास्त्रज्ञांचा. विजेचे खांब, रेल्वेचे लाकडी स्लीपर, कुंपणं यांसाठी ते जगभर वापरलं गेलं. पुढे आर्सेनिक मातीत झिरपतं हे लक्षात आल्यावर अनेक देशांनी घरगुती वापर थांबवला.

अंगठीत खडा म्हणून बसवता येईल?

नाही. मऊ आहे, एका दिशेने सहज फुटतं आणि आर्सेनिक आहे.

सोलापूरच्या उन्हाळ्यात नमुना टिकतो का?

क्लिनोक्लेज टिकतं. त्याच्या रचनेत हायड्रॉक्सिल आहे, पण सुटे पाण्याचे रेणू नाहीत, त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्या कोरड्या हवेतही ते बिघडत नाही. त्याचा सोबती चाल्कोफिलाइट मात्र पाण्याने भरलेला असतो, कोरड्या हवेत पाणी सोडतो आणि त्याची हिरवी पाती निस्तेज होतात. दोन्ही एकाच दगडावर असतील तर घट्ट झाकणाची डबी घ्या आणि उन्हापासून लांब, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा.

आपल्याकडची धूळ हा मोठा शत्रू. ब्रश फिरवलात तर पाती मोडतील. रबरी फुग्याने हलकी हवा मारा. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांनी ‘चमकवू’ नका, आम्लाने खनिजच जाईल. कापसात गुंडाळू नका, तंतू पात्यांत अडकले की निघत नाहीत.

विकत घेताना काय बघावं?

आधी लेबल, मग दगड. देश, प्रांत, खाण आणि शक्य असेल तर आधीच्या संग्राहकाचं नाव. लेबल हरवलेला क्लिनोक्लेज अभ्यासासाठी निम्मा मेला, कारण कुठल्या पाण्यातून, कुठल्या खडकात तो बसला हा धागाच तुटतो. जुनं, फाटकं, पिवळं पडलेलं लेबल फेकून नवं छापू नका, दोन्ही सोबत ठेवा.

दगडाला चिकटवलेले स्फटिक भिंगाखाली कडेच्या डिंकावरून कळतात. मोरचुदाचे घरी वाढवलेले निळे स्फटिक नैसर्गिक म्हणून सर्रास विकले जातात, त्यामुळे मोठा, पारदर्शक, स्वच्छ निळा स्फटिक ‘दुर्मिळ तांब्याचं खनिज’ म्हणून समोर आला तर आधी शंका घ्या. आणि ‘सोलापूर’ किंवा ‘दख्खन’ असं ठिकाण लिहिलेलं क्लिनोक्लेज कुणी दाखवलं, तर ते घेऊ नका.

काही निळं-हिरवं सापडलं आणि खात्री हवी असेल तर?

जिथे सापडलं तिथला फोटो आधी काढा, शेजारी नाणं किंवा पेन ठेवून. गाव, गट क्रमांक, विहिरीची किंवा खाणीची खोली त्याच दिवशी कागदावर लिहा आणि तो कागद तुकड्यासोबत पिशवीत टाका. धुऊ नका. मग भूशास्त्र शिकवणाऱ्या एखाद्या महाविद्यालयात किंवा विद्यापीठाच्या विभागात दाखवा. भिंग, कस आणि आम्लाचा एक थेंब यांवर बहुतेक उत्तरं तिथेच मिळतात. राहिलंच तर गळालेला मोहरीएवढा कणही एक्स-रे तपासणीला पुरतो. त्यासाठी मूळ तुकडा फोडू देऊ नका.